दहा वाजून दहा मिनिटं

सेल बदलायला घड्याळाच्या दुकानात गेलो, तर काचेमागची सगळी नवी घड्याळं एकच वेळ दाखवत होती. दहा वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या जाहिरातीतही तेच. "असं का हो?" मी विचारलं. डोळ्यावरचं भिंग न काढताच दुकानदार म्हणाले, "मधलं कंपनीचं नाव मोकळं दिसतं. शिवाय दोन्ही काटे वर असले की घड्याळ हसल्यासारखं वाटतं. हसरी वस्तू खपते."

खपत असेल. माझ्या बाबांना त्या वेळेत कधी हसू दिसलं नाही. त्यांच्या कचेरीत बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी साहेब हजेरीचं मस्टर आत मागवून घेत. मागून येणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईचा लेटमार्क. असे तीन झाले की एक रजा गेली. शेवटचा घास तोंडात असतानाच बाबा घर सोडायचे आणि कचेरीचा जिना धावत चढायचे. तीस वर्षं.

ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला निरोप देताना घड्याळ द्यायचं, ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल? बाबांनाही त्यांच्या निरोप समारंभात तेच दिलं. साहेब म्हणाले, "उघडा की, सगळ्यांना दाखवा." बाबांनी डबी उघडली, काटे पाहिले, आणि टाळ्या चालू असतानाच खुर्चीतून धडपडत उठले. "मस्टर गेलं का आत?"

सगळे हसले. घड्याळ तर आधीपासूनच हसत होतं.