उजवी वेणी

या धाग्यावर मी आजवर फक्त वाचत आले, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना खोटं ठरवत आले. माझ्या जुन्या कमेंट्स शोधल्यात तर सापडतील – "झोप अपुरी झाली असेल", "डोक्याचा खेळ आहे", असल्या. त्यामुळे आज मला कुणी तसं म्हणालं तर राग मानणार नाही.

आमचं घर बौद्ध. अंगारा, उतारा, देवऋषी हे आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाही. आजीच येऊ द्यायची नाही. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट – बी.एस्सी., केमिस्ट्री – आणि हे मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. श्रीगोंदा तालुक्यात एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे, आकडा आला की सही करायची. ज्याचा आकडा काढता येत नाही ते नाहीच, असं माझं साधं गणित होतं.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, सरकारी दवाखान्यात आया होती. आजोबा लवकर गेले, त्यानंतर लागली ती रिटायर होईपर्यंत बाळंतिणींच्याच वॉर्डात. सगळा दवाखाना तिला मावशी म्हणायचा. शाळेत असताना मी डबा घेऊन जायचे, तेव्हा ती हमखास कुणाच्या तरी पाठीमागे बसून वेणी घालत असायची.

लेबर रूममध्ये न्यायच्या आधी बाईच्या दोन घट्ट वेण्या घालायच्या, म्हणजे केस मध्ये येत नाहीत, ही तिची ड्युटीच होती. पण त्यात तिनं स्वतःचं एक घुसडलं होतं. हंगामात ऊसतोडीच्या बाया यायच्या. माहेर लांब, सोबत धड कुणी नाही, भेदरलेल्या असायच्या. आजी त्यांना म्हणायची, "डावी येनी तुझी, उजवी लेकराची. हलू नगं." दातानं फाडलेल्या गॉजच्या पट्टीनं टोकं बांधायची. मग बाई धडधाकट बाहेर आली की डावी सोडायची. लेकरू मोकळं रडलं की उजवी. सोडलेली पट्टी गुंडाळून बाईच्या मुठीत द्यायची आणि म्हणायची, "सुटली गं बाय." आणि एक नियम – जिनं घातली तिनंच सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मी कॉलेजात गेल्यावर तिला टोकलं होतं, की आजी, ही अंधश्रद्धाच झाली की. ती हसली. म्हणाली, "व्हय गं, मी उगंच म्हन्ते. पन त्या टायमाला बाईला धराया कायतरी लागतं. नवरा तर भाईर बिड्या फुकत असतो."

आजी डावरी होती. त्यामुळे की काय, ती पेड वरून टाकण्याऐवजी खालून घ्यायची. वेणी उलटी दिसायची, पाठीवर दोर ठेवल्यासारखी उठून. आमच्या घरात तशी वेणी दुसऱ्या कुणाला जमली नाही. आईनं घातलेली पाहिली की आजी म्हणायची, "तुझ्या येन्या म्हंजी उसाच्या मोळ्या." सासूसुनेचं यावरून आयुष्यभर चाललं.

माझं लग्न झालं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. म्हणायची, तुझ्या बाळंतपनाला येनी मीच घालनार, तवर काय मी मरत न्हाई. पण गेली. फार हाल झाले शेवटी तिचे. मातीला आलेला प्रत्येक माणूस एकच शब्द म्हणत होता – सुटली. आमच्याकडे बाळंत होणारीलाही सुटली म्हणतात आणि हाल होऊन जाणारीलाही. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या हंगामात मला आठवा महिना चालू असताना बीपी वाढलं. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच सीझर करायचं ठरलं, बाळाचे ठोके मध्येच कमी होत होते. भर दुपार. नवरा औषधं आणायला खाली पळाला होता, आई एसटीत होती. ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत मी कॉटच्या कडेला एकटी बसले होते. पाठीमागे हिरवा पडदा, पोटाला पट्टा आणि त्या मशीनमधून ठोके ऐकू येत होते. मध्येच लांबायचे... की माझाही श्वास अडकायचा.

मागून कुणीतरी माझे केस हातात घेतले. मला वाटलं, इथली मावशी. बोटांनीच भांग पाडला, मान जरा ओढून सरळ केली, दोन्ही बाजूंना घट्ट आवळलं. फिनेलचा वास आला – तो काय, दवाखान्यात येणारच. मी रडत होते, माझं सगळं लक्ष त्या मशीनकडे. एवढंच ऐकू आलं – "हलू नगं." मी हो मावशी म्हणाले. वळून बघितलं नाही. लगेच सिस्टर आल्या, माझ्या डोक्यावर टोपी चढवली आणि मला आत नेलं.

कमरेत इंजेक्शन दिल्यामुळे मी जागी होते. मुलगी झाली म्हणाले. पण रडणं ऐकू आलं नाही. मी विचारत राहिले. कुणीतरी म्हणालं, श्वासाला त्रास आहे, वर काचेत ठेवतोय.

वॉर्डात आणल्यावर सिस्टरनी टोपी काढली आणि म्हणाल्या, "ताई, एकच वेणी घालून आला होतात काय?" डावी बाजू मोकळी होती. उजवी घट्ट, टोकाला गॉजची पट्टी.

तेवढ्यात आई पोचली. बाळाचं विचारता विचारता तिचा हात माझ्या केसांवर गेला आणि तिथंच थांबला. पेडांवरून बोट फिरवत म्हणाली, "ही कुणी घातली?"

"इथल्या मावशीनं."

"कुठल्या?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आईनं पट्टीच्या गाठीला हात घातला तसा मी तिचं मनगट धरलं. ती हात मागे घेऊन खुर्चीत बसली. तिलाही उजवी कुणाची ते माहीत होतं.

नवऱ्याला सांगून तिथल्या दोन्ही आयांना बोलावलं. थोरली म्हणाली, "आमी न्हाई घालत येन्या, ताई. आता टोपी असती. डोकं टोपीत घातलं का झालं." बाकी कुणी त्या खोलीत आलं नव्हतं, असंच सगळे म्हणत होते.

मग नुसती वाट बघणं सुरू झालं. नवरा वरून यायचा, म्हणायचा, आहे तसंच आहे. पुन्हा वर जायचा. मी उजवी वेणी पुढं घेऊन मुठीत धरून पडून राहायचे. सिस्टर म्हणाल्या, कात्रीनं कापून देते, केस तरी विंचरा. मी नको म्हटलं. एवढी शिकलेली बाई, पण मला भीती वाटत होती की उशीला घासून ती आपोआप सुटेल. आणि दुसरी भीती त्याहून वाईट – जिनं घातली तिनंच सोडायची, आणि ती तर मातीत गेली. मग ही सोडणार कोण?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आई बेसिनपाशी पेला विसळत होती. खिडकीतून ऊन थेट कॉटवर आलं होतं. मी जागी होते, हे ठामपणे सांगते. डोक्याची उजवी बाजू एकदम हलकी झाली. कुणी ओढलं नाही, काही नाही... आवळून बसलेलं सैल झालं, तसं. हात नेला तर केस मोकळे. नुसते सुटलेले नाहीत, बोटांनी विंचरल्यासारखे मुळापर्यंत मोकळे. आणि डाव्या हाताला सलाईन, सुई टोचेल म्हणून मी तो हलवतसुद्धा नव्हते – त्या मुठीत गॉजची पट्टी. गुंडाळलेली.

मोबाईल वाजला. नवऱ्याचा, वरून.

मी उचलला नाही. सुटली, एवढा एकच शब्द डोक्यात. पण कुठली सुटली? रिंग वाजत राहिली. आई ओले हात घेऊन धावत आली, माझ्याकडे बघितलं, माझ्या केसांकडे बघितलं आणि तिनंच फोन कानाला लावून दिला. नवरा रडत होता. त्याला शब्द फुटेना. मी म्हटलं, बोल ना रे... आणि त्याच्या मागून आवाज आला. बारीक, चिडलेला, मांजराच्या पिलासारखा. थांबेचना.

मुलगी आता रांगते. व्यवस्थित आहे.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. घाबरून मीच वेणी घातली असेल का? आरशासमोर बसून कितीदा उलटी वेणी घालून बघितली, पेड वरच येतो. आईनं घातली असेल म्हणावं तर ती तेव्हा एसटीत होती, आणि तिच्या अजूनही मोळ्याच होतात. पट्टी मी लॅबमधल्या नमुन्याच्या बाटलीत ठेवलीय. एक कड सरळ, दुसरी दातानं फाडल्यासारखी. गॉजच आहे. त्यापलीकडे त्यातून काही निघत नाही. इथं कुणी डॉक्टर असतील, त्यांना काही सुचलं तर जरूर सांगा. मला उत्तर हवंच आहे.

नातेवाईक अजून घरी येतात, आजीचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतं, बरं झालं बाई, सुटली. पूर्वी मीही मान डोलवायचे. आता आई माझ्याकडे बघते, मी आईकडे बघते, आणि आम्हा दोघींचीही मान हलत नाही.