पेटीची पूजा

माझी सून सुमन हिचा हात दिव्यांच्या पेटीला चिकटला, तेव्हा त्या हातात झेंडूची माळ होती. दत्तूने तिला ओढायला उघड्या हाताने धरलं. तो माझा मुलगा, नगरपालिकेचा वायरमन. अशा वेळी कोरडं लाकूड घ्यायचं, हे त्यानेच मला शिकवलं होतं. मी हातातली काठी मारून दोघांना सुटं केलं.

गल्लीतले दिवे लावणारी ती पेटी परदेशातून मागवली होती. सोबतचा कागद तिकडच्याच भाषेत.

"साहेब, अर्थिंगची तार कुठं जोडायची ते कळत नाही," पेटी बसवताना दत्तू नगरपालिकेतल्या साहेबांना म्हणाला होता.

"अरे, फॉरेनचा माल आहे. चित्र बघ आणि जोड!" साहेब म्हणाले.

खंडेनवमीला आम्ही पक्कडीबरोबर पेटीवरही पाणी शिंपडलं, हळदकुंकू लावलं, आणि सुमन माळ घालायला पुढे झाली.

मी चौथी शिकले. वाटायचं, साहेबलोकांना सगळं वाचता येतं. तो कागद त्यांनाही वाचता येत नव्हता, आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. विळीची पूजा करताना मी पातं मिटवून ठेवते, कारण तिची धार मला ठाऊक आहे. या पेटीची धार कुणालाच ठाऊक नव्हती.

पेटी अजून कोपऱ्यावरच आहे. दिवे वेळेवर लागतात.

दत्तू गेला. सुमन वाचली.