हरेश्वरची भिंत

मढच्या कोळीवाड्यात हरेश्वरला सगळे ‘बेडूक’ म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. बाकीची पोरं एकामागून एक हात मारत, पाणी उडवत पोहायची. हा मात्र लहानपणापासून छातीवर पोहायचा. दोन्ही हात एकदम पुढे टाकायचा, पाय बेडकासारखे फाकवून मिटायचा आणि पाण्यातून गुपचूप सरकायचा. बाप लवकर गेला, तेव्हा चुलत्याच्या होडीवर काम लागलं. जाळं कुठं अडकलं, दोरी कुठं सुटली की हरेश्वर पाण्यात उतरे, दोरीचं टोक धरून होडीपाशी येई, एक हात होडीच्या काठाला लावून दुसऱ्या हाताने दोरी वर देई. मासळी बुजायची नाही म्हणून चुलता त्याच्यावर खूश असे.

तेव्हा मढच्या बंगल्यांवर सिनेमावाल्यांची येजा सुरू झाली होती. एकदा एका नायकाला पोहत जाऊन नायिकेची होडी गाठायची होती, आणि नायकाला पाणी बघूनच घाम फुटत होता. कोणीतरी कोळीवाड्यातून हरेश्वरला आणलं, नायकाचा रेशमी शर्ट घातला आणि खाडीत सोडलं. हा आवाज न करता होडीपाशी पोचला. दिग्दर्शक खूश झाला, पण त्याच्याहून खूश झाला तो काठावर उभा असलेला मधुकर मास्तर. कांदिवलीला एका कारखान्याच्या वसाहतीत पोहण्याचा तलाव होता, तिथे तो शिकवायचा. कुणी बुडू नये म्हणून सिनेमावाल्यांनी त्याला दिवसभरासाठी बोलावलं होतं.

“हे कुणी शिकवलं तुला?” मास्तरने विचारलं.

“कोन शिकवनार? येतं.”

“याला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात. याच्या शर्यती होतात, जगभर.”

हरेश्वर हसायलाच लागला. “याची शर्यत? मास्तर, हे तर सावकाश जायचं पोहणं हाय!”

घरी आईला, पुतळाबाईला सांगितलं, तर ती मासळी निवडता निवडता म्हणाली, “पोहायची शर्यत कशाला? पानी काय पळून चाललंय?” तरी तिने अडवलं नाही. सकाळी आईची मासळीची पाटी मालाडच्या बाजारात पोचवायची आणि तिथून कांदिवली गाठायची, असा त्याचा नेम झाला. दुपारी परत येऊन होडीवर जायचं ते होतंच.

तलावाच्या पाण्याला मीठ नव्हतं, लाट नव्हती, खालची फरशी स्वच्छ दिसायची. पहिले काही दिवस हरेश्वरला आपण भांड्यात पोहतोय असं वाटायचं. पण अंगात ताकद होती, दम होता. वर्षभरात वसाहतीतली कॉलेजची पोरं त्याच्या मागे पडायला लागली. अडचण एकच होती. समुद्राला भिंत नसते, आणि तलावाला दोन असतात.

ब्रेस्टस्ट्रोकचा नियम असा, की वळताना आणि शर्यत संपताना भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी, एकाच उंचीवर लागले पाहिजेत. एक हात आधी लागला, की पंच हात वर करतो आणि पोहणारा बाद. हरेश्वर ताजा असे तोवर सगळं ठीक चाले. दमला की मात्र अंगाला जुनी सवय आठवे. उजवा हात भिंतीला लागे आणि डावा खालीच राही, जणू त्यात दोरी आहे आणि ती कुणाला तरी वर द्यायची आहे. पुण्याच्या स्पर्धेत तो सगळ्यांच्या पुढे होता, आणि बाद झाला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

“वाट लावलीस रे,” मास्तर म्हणाला. “शरीराला सांगितलेलं शरीर ऐकत नाही, तोवर काही खरं नाही.”

तेव्हा हरेश्वरचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको मंजुळा मढचीच, तोंडाची फटकळ. तिला रात्रीच्या जेवणाला नवरा गप्प बसलेला चालेना. तिने खोदून खोदून विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खोड होडीवर लागली ना? मंग होडीवरच मोडू.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं छोटी होडी घेऊन खाडीत गेली. मंजुळा होडीत बसली. हरेश्वर लांबून पोहत यायचा आणि काठाला दोन्ही हात लावायचा. डावा हात जरा जरी मागे राहिला तरी ती ओरडे, “डावा झोपला तुमचा! परत जा!” तो परत जाई. वर्सोव्याकडून येणाऱ्या होड्यांमधली माणसं बघून हसत. एकाने विचारलंही, “मंजुळा, नवऱ्याला घरात घेत नायस काय गं?” तिने त्याला असं काही सुनावलं, की पुन्हा कोणी विचारलं नाही. पावसाळ्याचे दिवस सोडले तर वर्षभर हे चाललं.

त्या साली राष्ट्रीय स्पर्धेत हरेश्वर दोनशे मीटरला पहिला आला आणि सिंगापूरला आशियातल्या देशांच्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. कोळीवाड्यातून परदेशी जाणारा पहिलाच. मास्तरला काही जाता आलं नाही. विमानात हरेश्वर खिडकीला नाक लावून बसला होता, आणि खाली एवढा समुद्र असून एकही जाळं दिसत नाही याचं त्याला नवल वाटत होतं.

पहिली शर्यत शंभर मीटरची. बंदुकीचा बार झाला, आणि हरेश्वर इतका जीव खाऊन सुटला की भिंत आली तेव्हा त्याला ती दिसलीच नाही. उजवा हात लागला. डावा खाली होता. वर आला तेव्हा पंचाचा हात वर होता.

संघाच्या व्यवस्थापकाने सगळ्यांदेखत झापलं. “एवढ्या लांब आणलं ते याच्यासाठी?” हरेश्वरला मंजुळाचा चेहरा आठवत होता आणि आपण तिला काय सांगणार हे सुचत नव्हतं.

दोनशे मीटरची शर्यत दोन दिवसांनी होती. मधल्या दिवशी सगळे बाजार बघायला गेले. हा एकटा तलावावर जाऊन बसला आणि दुसऱ्यांच्या शर्यती बघत राहिला. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की चांगले पोहणारे भिंतीची फिकीर भिंतीपाशीच करतात. आपण तर पाण्यात उडी मारल्यापासून भिंतीलाच घाबरत असतो. त्या भीतीने घाई होते, घाईने दम जातो, आणि दम गेला की डावा हात झोपतो. म्हणजे हाताचा दोष नाहीच. तो उठला, पोटभर भात खाल्ला आणि शांत झोपला.

शर्यतीच्या दिवशी बार झाला आणि बाकीचे सातही जण त्याच्या पुढे गेले. हरेश्वरने त्यांना जाऊ दिलं. खाडीत पोहतो तसा तो सावकाश, लांब लांब हात टाकत निघाला. पहिली भिंत आली. दोन्ही हात लागले. दुसऱ्या भिंतीपाशीही तो शेवटचाच होता, पण छाती अजून मोकळी होती. तिथून त्याने पायांचा जोर वाढवला. एकेक जण मागे पडू लागला. कोणाचे हात तोकडे झाले होते, कोणाचं डोकं जड झालं होतं. तिसऱ्या भिंतीवरून तो वळला तेव्हा पुढे तिघंच होते. एक जपानी, एक फिलिपिनो, आणि शेजारच्या पट्ट्यात एक मलेशियाचा उंच पोरगा. पहिले दोघं हाती लागणार नाहीत हे हरेश्वरला कळलं. मलेशियाचा पोरगा मात्र दमला होता.

शेवटी शेवटी हरेश्वरचेही खांदे पेटले. जुनी सवय उजव्या हातात शिरायला लागली. भिंत जवळ आली, आणि त्याला वाटलं, आता झटकन एक हात टाकला तर हा पोरगा नक्की मागे पडेल. त्याने तो हात आवरला. अर्धा श्वास थांबला आणि दोन्ही हात एकदम भिंतीवर थाडकन मारले.

लोक ओरडत होते, फलकावर आकडे लागत होते. हरेश्वरने तिकडे पाहिलंच नाही. तो पाण्यातूनच वर, पंचाच्या हाताकडे बघत होता. पंच वाकला. त्याने भिंतीकडे पाहिलं, हरेश्वरकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून तो सरळ उभा राहिला. तेव्हा कुठे हरेश्वरने मान वळवली. तो तिसरा आला होता. मलेशियाचा पोरगा पट्ट्याच्या दोरीवरून हात पुढे करून त्याचं अभिनंदन करत होता, आणि हरेश्वर रडत होता.

मढला बँड लागला. चुलत्याने इतकी घेतली की तो बँडवाल्यांनाच हार घालत सुटला. मंजुळाने पदक हातात घेऊन नीट पाहिलं, परत दिलं आणि विचारलं, “डावा?” “जागा होता,” हरेश्वर म्हणाला. ती वळून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुतळाबाईला एकच चौकशी करायची होती. “पहिले दोघं कोन रे?”

“एक जपानी, एक फिलिपिनो.”

“समुद्रावरचे काय?”

“दोन्ही देश बेटांचेच, आये.”

“हां,” तिचं समाधान झालं. “मग हरकत नाय.”

हरेश्वर पुढे आणखी दोन-तीन वर्षं शर्यतींत उतरला, पण परदेशी पदक ते एकच. मग घाटकोपरकडे एक नवा तलाव झाला, तिथे त्याला शिकवायची नोकरी लागली. पहिल्याच सकाळी पोरांच्या घोळक्यात एक पन्नाशीचा गृहस्थ टॉवेल पांघरून उभा होता. सहदेव त्याचं नाव. गिरणीत कापड विणायचे साचे चालवण्यात जन्म गेलेला, मूळचा मालवणकडचा.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “माझा गाव दर्याकाठी. पण आवशीन कधी पाण्यात जावक दिल्यान नाय. आता जमात काय?”

हरेश्वर आधी पायऱ्या उतरून छातीभर पाण्यात उभा राहिला.

“या,” तो म्हणाला. “तुमच्या आयेला आपन सांगायचं नाय.”

सहदेवने टॉवेल काढून कठड्यावर ठेवला आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं.