दुसरा साक्षीदार

कूया पिदोला मी अकरा वर्षांत एका जागी बूड टेकवून बसलेला पाहिला नाही. कूया म्हणजे आमच्या भाषेत दादा. तो माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण दुबईत सतव्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जिथं एका हॉलला प्लायवूड ठोकून पाच खोल्या केल्यात, सगळेच त्याला कूया म्हणतात. धंद्यानं एसी मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशीसुद्धा स्वस्थ बसेल तर शपथ! भाताचा कुकर खोलून बसायचा. चांगला चालू असलेला कुकर.

"कूया, तो बिघडलेला नाहीये," मी ओरडायचे.

"म्हणूनच बघतोय, लुदी. बिघडल्यावर काय, कोणीही बघेल."

असा माणूस गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाप झाला. मुलीची आई रोसेंडा, आमच्याच फ्लॅटमधली, एका घरी मुलं सांभाळणारी. एल्पिदियो, म्हणजे पिदो, आणि रोसेंडा, दोघांच्या नावांचे तुकडे जोडून मुलीचं नाव ठेवलं एलरोस. आमच्यात ही रीतच आहे.

अडचण एकच होती, पण डोंगराएवढी. रोसेंडा लग्न झालेली बाई. एकोणिसाव्या वर्षी मायदेशी, इलोइलोत, क्रिसांतो मग्बानुआ नावाच्या माणसाशी तिचं लग्न झालं. नऊ वर्षांपूर्वी तो घर सोडून दुसरीकडे राहायला गेला, तिथं त्याला तीन मुलं आहेत. पण आमच्या देशात घटस्फोट नाही. माणूस निघून गेला तरी कागदावर नवरा राहतोच. रोसेंडाच्या पासपोर्टवर आजही त्याचं आडनाव आहे, आणि लग्न झालेल्या बाईला मूल झालं की कागदावर त्याचा बाप तिचा नवरा. खरा बाप कोण, हे सगळ्या सतव्याला माहीत असलं तरी.

इथल्या सरकारी जन्मदाखल्यावर एकट्या आईचं नाव आलं, तेही कोर्टाच्या खेपा घालून. राहिली होती आमच्या वकिलातीतली जन्माची नोंद. ती झाली नाही तर मुलीला पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही तर घरी जाणं नाही. रोसेंडा म्हणायची, "पिदो, लिहून टाकू दे त्या मेल्याचं नाव. नावानं काय होतंय?" पिदो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात बघू. काहीतरी वाट निघेल." पिदो नियमही कुकरसारखाच खोलून बघत होता. दोन वकिलांना विचारलं, गावच्या पाद्र्याला फोन केले, रात्रंदिवस डोक्यात तेच. या नादात वर्ष उलटलं. वर्षानंतर केलेल्या नोंदीला आणखी कागद लागतात. त्यात शपथेवर सांगणारे दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांचा त्या मुलाशी कसलाही संबंध नसावा.

या एप्रिलमध्ये रोसेंडाच्या मालकांनी दुबई सोडली आणि तिचा व्हिसा रद्द झाला. तीस तारखेच्या आत मायलेकींना निघणं भाग होतं. वकिलातीत तारीख मिळाली अठराची. एक साक्षीदार मी, दुसरा खालच्या बेकरीतला आर्नुल्फो. पिदो आला होता फक्त पोरीला सांभाळायला.

त्या दिवशी टोकन घेतल्यापासून तो हॉलभर येरझारा घालत होता.

"अरे, बस ना जरा," रोसेंडा वैतागली. "तुला बघून मलाच गरगरायला लागलंय."

"पोरगी चालतेय म्हणून मी चालतोय."

"पोरगी तुझ्या कडेवर आहे!"

माझा फोन वाजला. आर्नुल्फो. "लुदीताई, माफ कर. दुसरा कामगार आलाच नाही, भट्टीवर मी एकटा. मला सोडत नाहीयेत." मी त्याला नाही नाही ते बोलले. बोलून काय उपयोग? साडेतीन वाजले होते, चारला खिडकी बंद होणार होती, आणि आमचा नंबर लागला.

खिडकीतल्या कारकुनानं कागद चाळले. वडिलांच्या रकान्यात शेवटी क्रिसांतो मग्बानुआच लिहावा लागला होता. "दुसरा साक्षीदार कुठाय?"

"येऊ शकला नाही, सर. उद्या आणते त्याला," मी म्हटलं.

"उद्या जमणार नाही, मॅडम. पुढची तारीख सात मे."

"सात मे?" रोसेंडाचा आवाज चिरकला. "सर, मला तीसच्या आत जायचंय. पोरीला इथं टाकून जाऊ का?"

"नियम मी केलेले नाहीत." त्यानं चष्म्यावरून आमच्या मागे पाहिलं. "ते गृहस्थ तुमच्याबरोबरच आहेत ना? कोण ते?"

पिदोच पुढे आला. "शेजारी," तो म्हणाला.

"पिदो, नको," रोसेंडा पुटपुटली. "हे नको."

"मग दुसरं कोण आहे? सांग की."

कारकुनानं एक छापील कागद पुढे सरकवला. "या मुलीच्या जन्माची माहिती तुम्हाला कशी?"

"मी तिथं होतो ना! सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. तीन किलो शंभर. आधी रडलीच नाही, मग नर्सनं पाठ चोळली, आणि मग जी रडली, साहेब..."

कारकुनानं पोरीच्या फताड्या कानांकडे पाहिलं, मग पिदोच्या. त्याला सगळं समजलं होतं. "एवढं नको," तो हळूच म्हणाला. "शेजारी असल्यामुळे, एवढंच लिहा." भला माणूस होता. तरी मला त्याचा, त्या क्रिसांतोचा, आर्नुल्फोच्या भट्टीचा, सगळ्याचाच संताप आला. रोसेंडानं तोंड फिरवलं होतं.

"आता उजवा हात वर करा. मुलीशी तुमचं काही नातं?"

"नाही."

"नोंदीत तुमचा काही हितसंबंध?"

"नाही."

"इथं सही करा."

सहीसाठी हात मोकळा हवा म्हणून पिदो पोरीला माझ्याकडे द्यायला लागला. तिनं त्याच्या शर्टाची कॉलर घट्ट धरली होती, काही केल्या सोडेना. शेवटी मी तिचं एकेक बोट सोडवलं, आणि त्यानं सही केली.