अस्तर नसलेला पडदा

आमच्या ह्यांचा कुणावरही विश्वास नाही. घड्याळावर नाही, वजनकाट्यावर नाही, डॉक्टरवर तर नाहीच नाही. मी दुधाच्या पातेल्याशी उभी असले तरी हे दारातून डोकावून जातात, मी खरंच उभी आहे ना ते बघायला. लग्न झालं तेव्हा वाटलं, नवीन आहेत म्हणून असेल. नंतर कळलं, माणूस घडलाय तसाच. जन्मभर कापडाच्या गिरणीत तपासनीस होते. काचेचं टेबल, खाली दिवा, वरून सरकत जाणारं कापड आणि हे डोळ्यांत तेल घालून दोष शोधत बसलेले. ज्या ताग्यात दोष सापडायचा नाही, त्याचा ह्यांना जास्त संशय यायचा. तो तागा परत फिरवायला लावायचे.

असल्या माणसाला मी निवृत्तीनंतर काचेच्या दाराचं घर घ्यायला लावलं. आमचं आधीचं घर तळमजल्यावर, मागच्या अंगाला होतं. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता यायचा नाही. या घरातलं ते दार पाहिलं, भिंतभर काच, बोटानं ढकललं तरी सरकणारं, आणि मी म्हटलं, बस्स, हेच घर. म्हातारपणी तरी मला उजेड हवा.

"एवढी मोठी काच?" हे म्हणाले. "म्हणजे सगळं उघड्यावर."

"तुमच्याकडे आहे काय लपवण्यासारखं?"

हे काचेवर बोट फिरवून चरे शोधायला लागले.

राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात ह्यांना ती बाई दिसली. समोरच्या इमारतीत, आमच्याहून एक मजला वर. साधारण माझ्याच वयाची. दुपार कलली की गॅलरीत यायची, कठडा धरून उभी राहायची आणि आमच्या दाराकडे टक लावून बघायची. थोड्या वेळानं एकदम वळून आत जायची.

"झालं तिचं काम," हे म्हणायचे. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"अहो, हवा खात असेल बिचारी."

"हवा खाणारा माणूस इकडेतिकडे बघतो. ही एकाच जागी बघते. आणि आपल्या तोंडाकडे नाही, दाराच्या खालच्या भागाकडे. अगदी जमिनीलगत."

मग ह्यांनी सोफ्याखाली बॅटरी मारून बघितली. माझी हरवलेली चप्पल निघाली. "हिच्यावर डोळा असेल तिचा," मी म्हटलं. ह्यांना हसू आलं नाही. उलट संध्याकाळी जाहीर केलं, की लवकर पडदा लागला नाही तर दाराला आतून प्लायवुड ठोकणार. आणि हा माणूस ठोकेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी मी ह्यांना घेऊन पडद्यांच्या दुकानात गेले.

पडदेवाला चांगला बोलका होता, आणि तिथंच त्याचं चुकलं. बोलक्या माणसाचा ह्यांना भारी संशय. त्यानं उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स दाखवले. "सरकत्या दाराला हेच शोभतात, काका."

"दोन पट्ट्यांमध्ये फट राहते."

गुंडाळत वर जाणारा पडदा दाखवला. "म्हणजे गॅलरीत जायचं तर अख्खं दार उघडं टाका," हे म्हणाले. मी पांढऱ्या झिरझिरीत कापडावर हात ठेवला. काय सुरेख होतं! ह्यांनी ते दोन्ही हातांनी ताणून दिव्यासमोर धरलं आणि पलीकडून म्हणाले, "तुमची मिशी दिसतेय मला."

शेवटी तडजोड झाली. दोन रूळ, दोन पडदे. पांढरा माझा, गर्द निळा ह्यांचा. आता संपलं म्हणून मी पिशवी उचलली, तर पडदेवाला म्हणाला, "निळ्याला मागून पांढरं अस्तर लावू. ऊन परतवतं."

"अस्तर कापडाचे दोष झाकायला असतं," हे कडाडले. "अस्तर नको. दोन्ही बाजूंनी निळंच दिसलं पाहिजे."

"बरं. पांढरा काचेकडे आणि निळा आतून, असंच सगळे लावतात..."

"उलटं लावा. निळा काचेकडे. धोका बाहेरून आहे ना? मग पहारा बाहेरच्या बाजूला."

पडदेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

पडदे लागले. पहिले काही दिवस मी हट्टानं निळा बाजूला सारून ठेवला आणि नुसता पांढरा ओढला. दुपारी खोलीभर असा मऊ उजेड पसरायचा, की मी काही न करता नुसती बसून राहायचे. पण ती बाई बिथरली. आता ती वाकून बघायला लागली. डावीकडून बघे, उजवीकडून बघे, टाचा उंचावून बघे.

"बघ! अडचण झाली तिची!" पडद्याच्या कडेला डोळा लावून हे म्हणाले. "आता तर ती धडपडतेय." आणि खस्सकन निळा पडदा ओढला. खोलीत अंधार. हे फटीला चिकटलेले. तेवढ्यात ओरडले, "अगं, तिनं हात केला!"

"कुणाला?"

"आपल्याला! छातीवर हात ठेवला, हसली आणि हात केला! अगं, पडदा बंद केल्यावर कोण आभार मानतं?"

आता मात्र माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. हे तरातरा निघाले. मी पायात एक नवी, एक जुनी चप्पल सरकवून मागे.

तिनं दार उघडलं तसं ह्यांनी विचारलं, "तुम्ही आमच्या घरात काय बघता?"

ती गोंधळली. "तुमच्या घरात? मला तुमचं घर दिसतच नाही हो. या, आत या, पण लवकर." आणि आम्हाला ओढतच गॅलरीत नेलं.

मी खाली आमच्या दाराकडे बघितलं आणि बघतच राहिले. निळ्या पडद्यामुळे काचेचा आरसा झाला होता. त्यात कोपऱ्यापलीकडचा रस्ता दिसत होता. बसथांबा, रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे, सगळं लख्ख. गॅलरीतून थेट तिकडे बघायला गेलं तर तिच्याच इमारतीची भिंत आड येत होती. काचेत एक बस येऊन थांबली. पांढरी काठी घेतलेला एक माणूस उतरला. पट्ट्यांशी आला, एक पाय खाली टाकला, परत वर घेतला. बाईनं माझं मनगट घट्ट धरलं. तो रस्ता ओलांडून अलीकडे आला तेव्हा कुठे तिनं ते सोडलं.

"माझे यजमान. वर्षापूर्वी नजर गेली," ती म्हणाली. "एकटे जातात, एकटे येतात. मी खाली उभी राहिले तर पावलांवरून ओळखतात. म्हणाले, माझ्यावर पहारा ठेवलास तर मी काम सोडून घरात बसेन. मग मी तुमच्या काचेत बघते, आत अंधार असला की त्यात सगळं दिसतं. तुम्ही पांढरा पडदा लावलात आणि सगळं पुसल्यासारखं झालं. जीव नुसता टांगणीला लागायचा. कृपा करून त्यांना कळू देऊ नका."

जिन्यात हे म्हणाले, "खरं बोलत असेल कशावरून?"

मी भराभरा पायऱ्या उतरले. बोलले असते तर जिन्यातच भांडण झालं असतं.

दुसऱ्या दिवशी निळा पडदा ओढून हे खात्री करायला थांब्यावर गेले. तो बसमधून उतरला तसे त्याच्या मागं मागं चालत आले म्हणे. अर्ध्या वाटेत तो काठीवाला थांबला. "कोण आहे? बायकोनं पाठवलंय का?"

"नाही."

"मग पुढे व्हा. पाठीमागून चालणारी माणसं मला खपत नाहीत."

घरी येऊन हे दोन भांडी पाणी प्यायले. मला चिडवायची उबळ आली. "फार संशयी दिसतोय, नाही?"

"बरोबर आहे त्याचं," हे म्हणाले. "मलाही नसतं खपलं." मग भांडं स्वतःच विसळून जागेवर ठेवलं.

तेव्हापासून दुपार कलली की हे स्वतः उठतात आणि निळा पडदा ओढतात, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत. खोटं कशाला बोलू, मला राग येतो. जन्म अंधारात काढला, आता कुठं उजेड मिळाला, तर त्यातली सगळ्यात चांगली वेळ अशी जाते. पण तो खाली टाकून परत वर घेतलेला पाय आठवतो आणि मी गप्प बसते. हेही बसतात. फटीला डोळासुद्धा लावत नाहीत. जन्मभर डोकावणारा माणूस नुसता कानांनी बसची वाट बघतो.

परवा बसला उशीर झाला. अंधारात मला ह्यांचा श्वास ऐकू येत होता.

"दिवा लावू का हो?" मी विचारलं. "पडदा जाड आहे. बाहेर काही दिसायचं नाही."

"नको," हे म्हणाले. "कापड मी तपासलंय. एका ठिकाणी मला अजून शंका आहे."