मोजायचा नसलेला गूळ

शाहूपुरीतले जयपालअण्णा गूळ विकतात. वजन झालं, की प्रत्येक पेटीत वर एक खडा टाकतात. तो मोजत नाहीत. मोजला तर तो वरचा कसला, असं त्यांचं म्हणणं. वडिलांपासूनची रीत.

यंदा संक्रांतीसाठी त्यांचा पहिला कंटेनर दुबईला निघाला. कागदपत्रं पुतण्या प्रसेनजीतनं केली. तो मराठीत एम.ए.; पण अण्णांच्या लेखी शिकलेला तो शिकलेला. अण्णांनी वजन सांगितलं, त्यानं लिहिलं.

मग बंदरातून एजंटाचा फोन आला. तिथल्या काट्यावर कंटेनर कागदापेक्षा दीड टनानं जड भरला. संध्याकाळच्या आत खऱ्या वजनावर मालकाची सही पाठवा, नाहीतर जहाज सुटेल. पुढचं संक्रांतीनंतर.

"अण्णा, आत काय भरलंय?"

"गूळच की."

"दीड टन जादा?"

"वरचा. पावणं परमुलखातलं. जरा सढळ हातानं टाकला."

प्रसेनजीत बघतच राहिला. वजनात मारणाऱ्यांसाठी कायदा असतो, हे त्याला माहीत होतं. जास्त देणाऱ्यांसाठीही असतो, हे आज कळलं.

"मग नव्या आकड्यावर सही करा."

"न्हाय. आकड्यात धरला की तो विकल्यागत झाला."

"मग काढून घेऊ."

"दिलेलं परत? लाज हाय का लेका!"

आतून अण्णांची बायको, राजमतीकाकू म्हणाल्या, "बसा धरून. दुबईवालं तिळगूळ होळीला खातील."

प्रसेनजीतनं मोबाईलवर नियम वाचला. समुद्रावर माणसाचा जीव वाचावा म्हणून देशादेशांनी केलेला करार होता.

"अण्णा, जहाजावर कंटेनर एकावर एक रचतात. हलका समजून जड वर ठेवला आणि वादळात रास कोसळली, तर खाली खलाशी असतो."

अण्णा ढेपेवरच्या मुंगीला फुंकर मारता मारता थांबले. गुळाचं दुकान, मुंग्या अमाप. पण अण्णा एकीलाही मारत नाहीत, फुंकरीनं हाकलतात.

"कुठला खलाशी?"

"कुठलाही. रत्नागिरीचा असंल, फिलिपिन्सचा असंल."

"आण कागद."

अण्णांनी डावा पंजा आकड्यावर ठेवला आणि उजव्या हातानं सही केली.

"मी आकडा बघितला न्हाय."

"पण सही केलीत की!"

"ती खलाशासाठी. गूळ वरचाच हाय."

दिवेलागणीला निरोप आला. कंटेनर चढला होता. अण्णा खुशीत उठले, ढेपांच्या राशीकडे गेले.

"बंदरातल्या त्या वजनवाल्यानं माणूस वाचवला. त्याला एक ढेप धाडूया. न मोजता."

"अण्णा, नको!" प्रसेनजीत ओरडला.