मशीन चालू असतानाची भाकितं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, लाँड्री चालवतात. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान. पण लग्नानंतर सासूबाईंनी 'वन्सं' म्हणायला लावलं आणि सासूबाई गेल्या तरी ती सवय गेली नाही. वन्संचा नवराही लवकर गेला. वारला नाही, नुसता गेला. मागे एक तान्हं पोर आणि धुण्याची दोन जुनी मशिनं ठेवून गेला. त्या तिन्हींचं वन्संनी निगुतीनं केलं.

पोराला त्या कपड्यांच्या टोपलीत निजवायच्या आणि टोपली मशीनच्या मागे उबेला ठेवायच्या. ड्रम गरगरायला लागला की रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा आत ऐकू येत नाही. पण टोपलीतलं पोर जरा कुरकुरलं की वन्संच्या हातातली इस्त्री थांबायची. मी स्वतः पाहिलंय. त्या घरघरीच्या खालून माणसाचा आवाज वेचून काढायला त्यांचा कान तेव्हा शिकला. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मशीन चालू असलं की लाँड्रीवाल्या मावशी ठार बहिऱ्या, असंच सगळे धरून चालले.

लाँड्रीसमोर, रस्ता ओलांडला की बॉक्सिंगचा क्लब. तिथले टॉवेल, झगे, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या सगळं वन्संकडे धुवायला येतं. पोरगं शाळेतून आलं की धुतलेली थप्पी पोचवायला जायचं. एक दिवस थप्पी पोचवून परत आलंच नाही. बघायला गेलो तर मोठ्या मुलांचे हातमोजे घालून पोत्याला ठोसे मारत होतं. पुढचं सांगायला नको. आज लोक त्याला 'वादळ' म्हणतात, भिंतीवर त्याची चित्रं लागतात. आई अजून 'पिल्लू' म्हणते. दारातून वाकल्याशिवाय आत न येणारं पिल्लू.

त्याची मोठी लढत ठरली तेव्हा मी लाँड्रीत काउंटर सांभाळत होते. वन्संची मदतनीस बाळंतपणाला गेली होती आणि मला घरी बसून यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा ते बरं होतं. समोरचा खेळाडू 'हातोडा' म्हणून प्रसिद्ध. त्याच्याशी शेवटचा जो लढला, तो आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो म्हणे, आणि त्याचं वाक्य त्याची बायको पुरं करते. हे मला कोणी सांगितलं नाही. मीही ते मशीन चालू असतानाच ऐकलं. काउंटर बाकाला लागून आहे, आणि म्हातारी बाई बसलेली असली की लोक तिला सामानात धरतात.

तो बाक गिऱ्हाइकांसाठी आहे. त्यावर गिऱ्हाईक क्वचित बसतं. बसतात ते बॉक्सिंगचे शौकीन. त्यात दोघे कायमचे. एक टॅक्सीवाला, ज्याची टॅक्सी मी कधी चालताना पाहिली नाही. दुसरा दातांच्या कवळ्या बनवणारा, सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. या दोघांचा एक अलिखित नियम होता: वन्सं समोर असतील तेव्हा त्यांच्या मुलाच्या हरण्याचा किंवा त्याला लागण्याचा शब्द काढायचा नाही. आईसमोर फक्त जिंकण्याची भाकितं.

"चौथी फेरी, मावशी," टॅक्सीवाला म्हणायचा. "चौथीत हातोड्याचा खिळा होतोय. लिहून घ्या."

"चौथीपर्यंत कशाला थांबतोय?" कवळीवाला. "दुसरीतच मला गिऱ्हाईक मिळेल. वरचे चार दात तर नक्की. मी माप घेऊनच बसणार आहे."

वन्सं हसायच्या, कपडे मशीनमध्ये कोंबायच्या, बटण दाबायच्या आणि पाठ करून इस्त्रीला उभ्या राहायच्या. ड्रम फिरायला लागला की दोघांची डोकी जवळ यायची आणि सूर बदलायचा.

"खरं बोल, काय वाटतं तुला?"

"खरं? तिसरीत पाय जड होणार ह्याचे. मागच्या वेळी पाहिलंस ना, डावा हात खाली पडत होता."

"वय झालं रे."

"वय झालंच. पण मला ते वेगळंच वाटतं काहीतरी."

दोनतीन दिवस हे चाललं. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. वन्संनी मशीनचं दार लावलं, बटण दाबलं, ड्रम फिरू लागला. आणि काचेतून आत काहीच दिसेना. कपडा नाही, फेस नाही. रिकामा ड्रम गरगरत होता. वन्संच्या हातात इस्त्री होती, ती एकाच शर्टाच्या एकाच बाहीवरून फिरत होती. बाकावर त्या दिवशी क्लबचे वस्ताद येऊन बसले होते. ज्यांनी पोराला घडवलं तेच. टॉवेल न्यायला आले आणि कवळीवाल्यानं त्यांना धरून बसवलं.

"वस्ताद, आता मशीन चालू आहे, मावशींना ऐकू जात नाही. मनातलं सांगा. काय होणार?"

वस्ताद बराच वेळ टॉवेलांच्या थप्पीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "डावीकडून येणारा ठोसा त्याला दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. लागला की कळतो. मागच्या लढतीनंतर सुरू झालंय. तपासणीत डॉक्टर तक्ता वाचायला लावतात, तो असतो समोर. समोरचं त्याला चोख दिसतं. धडाधड वाचून मोकळा. उद्या शेवटची तपासणी आहे, त्यातही सुटेल."

"आणि हातोड्याचा उजवा हात…" टॅक्सीवाला म्हणाला.

"उजवा हात येतो तो ह्याच्या डावीकडूनच," वस्ताद म्हणाले. "मी बोललो त्याच्याशी. तर माझ्या पायाला हात लावून शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही आणि काही झालं तरी टॉवेल टाकून लढत थांबवायची नाही. एवढी एकच खेळू द्या म्हणाला. मी घेतली शपथ. गाढव आहे मी."

कपडा जळल्याचा वास आला. वन्संनी इस्त्री उचलली, बाहीवर तिचा तपकिरी ठसा उमटला होता. वस्ताद दचकून तिकडे बघायला लागले. वन्संनी मशीन बंद केलं, वळल्या आणि म्हणाल्या, "टॉवेल नेताय ना, वस्ताद? मोजून घ्या." आवाजात कुठे काही नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही ऐकलंत."

"तुम्हीही ऐकलंत, वहिनी."

"मग आता थांबलाय कशाला? चला आणि डॉक्टरांना सांगा. तो अजून धडधाकट आहे तोवर सांगा."

"आणि वस्तादांचं चुकीचं निघालं तर? अख्खी हयात ह्या एका लढतीसाठी घातलीय त्यानं. आईनं खोटंनाटं सांगून बंद पाडली म्हणेल. जन्मात तोंड बघणार नाही माझं." खुर्चीला धरून त्या खाली बसल्या. "आणि खरं निघालं तर, वहिनी?"

जळका शर्ट उचलून मी काउंटरखाली सरकवला.

संध्याकाळी भाचा आला. नेहमीप्रमाणे मला म्हणाला, "काय मामी, मामाला उपाशी ठेवून इथं राज्य करताय होय?" मी काहीतरी बोलले असेन. माझं सगळं लक्ष त्याच्या डाव्या डोळ्याकडे. डोळा अगदी नेहमीसारखा, पाणीदार. त्याचीच जास्त भीती वाटली.

वन्सं म्हणाल्या, "पिल्लू, चादरी घड्या करू लाग जरा."

लाँड्रीत मोठ्या चादरींची घडी दोघांनी करतात. समोरासमोर उभं राहायचं, दोन टोकं एकानं धरायची, दोन दुसऱ्यानं. मधे घडी घालून आपलं टोक समोरच्याकडे फेकायचं, त्यानं ते झेलायचं. मायलेकरं हे त्याच्या लहानपणापासून करत आली आहेत, गप्पा मारत, टोकाकडे न बघता. एखादा गायक ताल धरतो तसं ते चालतं. वन्संनी पहिल्यांदा त्याच्या उजव्या हाताकडचं टोक फेकलं, त्यानं झेललं. मग त्याच्या डाव्या हाताकडचं फेकलं. ते त्याच्या खांद्याशेजारून गेलं आणि जमिनीवर पडलं. त्याचा हात हललासुद्धा नाही.

"आई, नीट टाक ना," तो हसत म्हणाला.

"हात सटकला," वन्सं म्हणाल्या. दुसरी चादर घेतली. पुन्हा डावं टोक, या वेळी अगदी हळू, लहान मुलाला चेंडू टाकावा तसं. ते पुन्हा पडलं. मग त्यानं मान डावीकडे पूर्ण वळवून खाली पाहिलं, टोक उचललं आणि बोलायचा थांबला. आईकडे बघेना. उरलेल्या चादरींच्या घड्या त्यानं मान तिरकी ठेवून घातल्या. एकही टोक पडू दिलं नाही.

तो गेल्यावर वन्सं मला म्हणाल्या, "त्याला कळलं, मला कळलंय ते."

"मग बोलला का नाही?"

"भ्यालाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी क्लबात गेलो. वन्संच्या कमरेवर धुतलेल्या टॉवेलांची टोपली, म्हणून कोणी अडवलं नाही. तपासणी कचेरीतच चालली होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खुर्चीत डॉक्टरीणबाई, कोपऱ्यात वस्ताद, आणि दाराशी आपले बाकावरचे दोघे, कारण जिथे बातमी तिथे ते. भाच्यानं तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचला. डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं.

"बाई, सही करायच्या आधी एक मिनिट," वन्सं म्हणाल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि टॉवेलांच्या खालून एक दुहेरी चादर काढली. "पिल्लू, ये. घडी करू लाग."

कोणाला काही समजेना. टॅक्सीवाला हसला, म्हणाला, "मावशी, आत्ता? इथं?" पण वस्ताद खाली जमिनीकडे बघायला लागले, आणि भाच्याचा चेहरा मी पाहिला. लहानपणी ताप मोजताना व्हायचा तसा झाला होता.

"आई," तो हळू म्हणाला, "नको ना."

"मान सरळ ठेव," वन्सं म्हणाल्या. "माझ्याकडे बघ आणि मान सरळ ठेव."

तो नाही म्हणू शकला असता. एवढा मोठा माणूस, बाहेर निघून गेला असता तर कोण धरणार होतं? पण तो उठला, दोन टोकं हातात घेतली, आईच्या डोळ्यांत बघत ताठ उभा राहिला. वन्संनी डावं टोक फेकलं. ते पडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्यांना फेकवेना.

डॉक्टरीणबाईंनी पेन बंद केलं. उठून त्याचा उजवा डोळा तळव्यानं झाकला, दुसऱ्या हाताचं बोट बाजूनं हळूहळू पुढे आणलं आणि म्हणाल्या, "दिसलं की सांगा." बोट कानाच्या पुढे आलं, गालाच्या पुढे आलं, जवळजवळ नाकापाशी आलं, तेव्हा तो म्हणाला, "आता."

लढत रद्द झाली. डोळ्यामागचा पडदा सुटत आलाय, आणखी एक ठोसा बसला असता तर डोळा गेलाच असता, असं त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात सांगितलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. पडदा परत चिकटेल का, विचारलं तर म्हणाले, पट्टी उघडल्यावर बघू. दुसऱ्या डोळ्याचीही नीट तपासणी करायला हवी म्हणाले. वन्संनी हे 'दुसऱ्या डोळ्याची' दोनदा विचारून घेतलं.

दवाखान्यातून येताना तो आईशी अवाक्षर बोलला नाही. घरी जायचं सोडून लाँड्रीतच आला आणि बाकावर बसून राहिला. वन्सं मागच्या खोलीत, तो पुढे.

थोड्या वेळानं बाकावरचे नेहमीचे दोघे आले. रस्त्यातूनच टॅक्सीवाल्याची तणतण ऐकू येत होती. "चौथीत आडवा केला असता त्यानं. शंभर टक्के. बायकांनी खेळात तोंड घातलं की हे असं होतं." कवळीवाला म्हणत होता, "आपलं काय बरोबर आलं असतं, ते आता कधीच कळणार नाही, हे वाईट."

मी काउंटरवरून उठणारच होते. दोन शब्द तयार होते तोंडात. तेवढ्यात टॅक्सीवाला आत शिरला, नेहमीच्या सवयीनं भाच्याच्या डाव्या बाजूला बाकावर टेकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वाईट झालं, दोस्ता."

भाचा असा दचकला की बाक मागे भिंतीवर आदळला. दोन्ही हात चेहऱ्यापुढे आले, मुठी वळलेल्या. क्षणभर तो कोणत्या बाजूला बघावं ते शोधत होता. मग मान पूर्ण वळवली, टॅक्सीवाला दिसला, आणि त्यानं हात खाली घेतले.

टॅक्सीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं कवळीवाल्याकडे पाहिलं, कवळीवाल्यानं माझ्याकडे. मग टॅक्सीवाला उठला, पुढून फेरी मारून त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसला, जिथून तो दिसेल अशा बेतानं.

"उद्या किती वाजता?" त्यानं विचारलं.

"सकाळी."

"मी नेतो. टॅक्सी चालते माझी, लोकांना वाटत नाही, पण चालते."

भाच्यानं मान हलवली. मग कवळीवाल्याला म्हणाला, "तुझा अंदाज काय? डोळा राहील?"

कवळीवाल्यानं आयुष्यात कुठल्या प्रश्नाला अंदाज दिला नाही असं मी पाहिलं नव्हतं. तो टोपी काढून मांडीवर फिरवत बसला.

वन्सं आतून बाहेर आल्या होत्या. हात ओले होते, पुसायचं भान नव्हतं. त्या येऊन मुलाच्या समोर, अगदी समोर, उभ्या राहिल्या. त्यानं वर पाहिलं नाही, पण त्यांच्या पदराचा काठ मुठीत धरला आणि तसाच धरून ठेवला.